खिचडीलाही व्याकरण असतं: क्रिओल भाषांमधलं साम्य आणि आपली अहिराणी

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आमच्या खान्देशात एक जुनाच वाद नव्याने सुरू झाला. मराठी अभिजात झाली, मग अहिराणीचं काय? ती भाषा की बोली? लग्नाच्या मांडवात, एसटीत, व्हॉट्सअॅपच्या गटांत हा विषय निघतो आणि दर वेळी कोणीतरी ठरलेलं वाक्य टाकतोच: "अहिराणी म्हणजे अर्धी गुजराती, अर्धी मराठी, वरून हिंदीची फोडणी. खिचडी आहे ती. खिचडीला कुठलं आलंय व्याकरण?" अलीकडे शिकलेल्या मंडळींना त्यासाठी एक भारदस्त शब्दही सापडलाय. ते म्हणतात, "अहिराणी ही क्रिओल आहे."

यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. खिचडी भाषेला व्याकरण नसतं हेही चूक आणि अहिराणी क्रिओल आहे हेही चूक. पण हे पटण्यासाठी क्रिओल म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं. त्यात एक कोडंही आहे. एकमेकांपासून हजारो मैल दूर, वेगवेगळ्या समुद्रांतल्या बेटांवर आणि किनाऱ्यांवर जन्मलेल्या या भाषांचं व्याकरण एकमेकांशी इतकं जुळतं कसं?

सुरुवात घराजवळूनच करू.

केळीच्या बागेतली हिंदी

रावेर तालुक्यात केळीची कटाई चालू असताना बांधावर उभं राहून ऐकलं आहे का कधी? शेतकरी घरात लेवा बोली बोलतो. घड उतरवणारे मजूर सातपुड्यातून आलेले, आपसात पावरी बोलतात. व्यापाऱ्याचा माणूस उत्तर प्रदेशातला आणि ट्रकचा ड्रायव्हर पंजाबी. पण काम तर एकत्रच करायचं असतं. मग जी हिंदी कानावर पडते ती अशी:

"ये घड अभी नहीं काटने का. कल गाडी आने का, तब काटने का. तुम चार आदमी रहने का. हम पैसा शाम को देने का."

काटने का, आने का, रहने का, देने का. करणारा बदलला तरी क्रियापद जागचं हलत नाही. मराठीत आपण मी कापीन, तू कापशील, ती कापेल, ते कापतील अशी चार रूपं केली असती. इथे शेपूट एकच, आणि बाकीचं काम 'अभी', 'कल', 'शाम को' हे सुटे शब्द करतात. काम संपलं की "माल भरना हो गया", "खाना हो गया". संपल्याची खूण म्हणजे 'हो गया', आणि तीही सगळ्यांना सारखीच.

हे कोणी ठरवून केलेलं नाही. मोठ्या वयात, घाईच्या वेळी दुसऱ्याची भाषा उचलताना माणूस आधी प्रत्यय सोडतो. प्रत्यय म्हणजे शब्दाला चिकटून येणारं शेपूट: 'कापीन'मधलं 'ईन', 'घरात'मधलं 'त'. ते कानाला नीट ऐकू येत नाही, पाठ करायला अवघड आणि सोडलं तरी व्यवहार अडत नाही. सुटा, ठळक शब्द मात्र पटकन पकडता येतो.

आता ही बागेतली हिंदी डोक्यात ठेवा आणि कल्पना करा, की या माणसांना परत जायला घरच उरलेलं नाही.

कामचलाऊ बोली आणि तिची लेकरं

सतराव्या-अठराव्या शतकात नेमकं तेच झालं, आणि तेही साखरेपायी. युरोपियन लोकांनी उष्ण प्रदेशातल्या बेटांवर आणि किनाऱ्यांवर उसाचे मळे उभे केले आणि राबायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. एका मळ्यावर पाच-दहा भाषा बोलणारे लोक. मालक इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज किंवा डच. मालकाची भाषा नीट शिकवणारं कोणी नाही आणि आपली भाषा शेजारच्याला कळत नाही. मग मालकाच्या भाषेतले शब्द उचलून एक तुटक, कामापुरती बोली तयार होते. अशा कोणाचीच मायबोली नसलेल्या बोलीला पिजिन म्हणतात. तीच बोली पुढच्या पिढीची रोजची भाषा होते, मुलं तिच्यात रडतात, भांडतात, गाणी रचतात, तेव्हा ती वाढते, भरते आणि तिला क्रिओल म्हणतात. हैती, जमैका, सुरिनाम, मॉरिशस इथल्या भाषा या जातीच्या आहेत. प्रत्येक ठिकाणी मधली पिजिनची पायरी किती ठळक होती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण अशी उलथापालथ सगळीकडेच होती.

मॉरिशसचं नाव आपण खास लक्षात ठेवायला हवं. तिथली क्रिओल फ्रेंच राजवटीत, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या तोंडी तयार झाली. 1834 पासून तिथे भारतातून गिरमिटिया मजूर जाऊ लागले. त्यांत मराठी माणसंही होती, आणि त्यांनी ही तयार भाषा उचलली. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवतात, पण तिथल्या मराठी माणसाच्या घरात रोजचं बोलणं बहुतेक क्रिओलमध्येच चालतं. म्हणजे ही भाषा आपल्याही लोकांची आहे.

तीन दगडांची चूल

नंदुरबारकडची आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. जाताना सगळं घर नेता येत नाही. कोठी, उंबरा, भिंतीतला कोनाडा मागे राहतो. पण फडाजवळ झोपडी टाकली की पहिलं काम ठरलेलं: तीन दगड मांडून चूल. कोणत्याही गावची बाई असो, दगड तीनच, कारण भांडं स्थिर राहायला तेवढे लागतातच.

क्रिओल भाषांच्या क्रियापदाचंही असंच आहे. फ्रेंचमध्ये 'खाणे' या क्रियापदाची रूपं कर्त्याप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलत जातात. ती शिकताना भल्याभल्यांना घाम फुटतो. मॉरिशसच्या क्रिओलने ती सगळी घरी ठेवली. तिथे रूप एक, 'मांझे', आणि त्याच्या आधी छोटे सुटे शब्द. 'मो' म्हणजे मी.

मो मांझे: मी खातो.
मो ती मांझे: मी खाल्लं.
मो पे मांझे: मी खातोय.
मो पू मांझे: मी खाईन.

'ती' होऊन गेलेलं दाखवतो, 'पे' चालू असलेलं, 'पू' अजून न घडलेलं. झाली चूल. चौथा 'फिन' आहे, पण त्याच्याकडे शेवटी येऊ. हे शब्द फ्रेंचमधूनच आले: 'ती' हा 'असणे'च्या भूतकाळी रूपापासून, 'पे' हा 'नंतर, मागे' अशा अर्थाच्या शब्दापासून आणि 'पू' हा 'साठी' या अर्थाच्या शब्दापासून. बागेतल्या हिंदीतलं 'जाने का' जसं हळूच भविष्यकाळाचं काम करायला लागलं, तसाच 'साठी' हा शब्द इथे भविष्यकाळ झाला.

खरी गंमत हे दगड एकावर एक ठेवल्यावर दिसते. 'मो ती पे मांझे' म्हणजे मी खात होतो. 'मो ती पू मांझे' म्हणजे मी खाणार होतो. जरा थांबून आपलं 'खाणार होतो' पाहा: 'खाणार' पुढचं, 'होतो' मागचं. दोन उलट्या काळांच्या खुणा जोडल्या की 'होणार होतं पण' असा अर्थ निघतो, ही युक्ती मराठीनेही शोधली आणि तिथल्या भाषेनेही. आणि क्रम पक्का आहे. 'मो पे ती मांझे' असं तिथलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. याला व्याकरण नाही म्हणायचं, तर व्याकरण म्हणजे दुसरं काय?

समुद्र वेगळे, ठेवण एक

आता अर्धं जग ओलांडून कॅरिबियन समुद्रात हैतीला जाऊ. तिथेही शब्द फ्रेंचचे आहेत. 'म्वें ते मांजे' म्हणजे मी जेवलो होतो. 'म अप मांजे', मी जेवतोय ('म्वें'चा तुटक उच्चार 'म', 'ते'चा 'त'). दोन्ही एकत्र केले की 'म त अप मांजे', मी जेवत होतो. मागचं आधी, चालू असलेलं नंतर, मग क्रियापद. मॉरिशसची हुबेहूब ठेवण.

दोन्हींचे शब्द फ्रेंच, म्हणून असेल असं वाटेल. मग दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला चला. तिथल्या स्रानान भाषेचे बरेच मूळ शब्द इंग्रजीतले, कारण 1651 ते 1667 सुरिनाम ही इंग्रजांची वसाहत होती. पुढे राज्य डचांचं आलं तरी भाषा टिकली. 'खाणे'ला तिथे 'न्यान' म्हणतात, तो शब्द आफ्रिकेतला. 'मी बेन न्यान', मी खाल्लं होतं. 'मी ए न्यान', मी खातोय. 'मी बेन ए न्यान', मी खात होतो. शब्द बदलले, क्रम तोच.

युरोपच बाजूला ठेवायचा तर नुबी घ्या. एकोणिसाव्या शतकात दक्षिण सुदानात इजिप्तच्या सैन्याच्या छावण्यांमध्ये अरबीपासून जन्मलेली ही भाषा आज युगांडा आणि केनियात बोलतात. अरबीत मूळ तीन व्यंजनांच्या आतबाहेर स्वर बदलून शब्दांची अख्खी पिलावळ निघते. नुबीने तो पसारा बहुतेक सोडला आणि क्रियापदाआधी 'गी', 'बी' असे छोटे तुकडे ठेवले.

साम्य इतक्यावर थांबत नाही. नकार क्रियापदाच्या आणि काळाच्या खुणेच्याही आधी येतो: 'मो पा ती मांझे', मी खाल्लं नाही. लिंगभेद बहुधा नसतो. मॉरिशसमध्ये 'ली ती विनी' म्हणजे तो आला, ती आली आणि ते आलं, तिन्ही. अनेकवचनाला प्रत्यय नाही, सुटा शब्द. हैतीत 'लिव यो' म्हणजे ती पुस्तकं, आणि 'यो'चा एरवीचा अर्थ 'ते लोक'. जमैकातही 'ते' या अर्थाचा 'देम' नामाला जोडून अनेकवचन करतात. मॉरिशसने 'टोळी, जमाव' या अर्थाचा शब्द घेतला: 'बान झांफां' म्हणजे मुलं. आपण नाही का 'पाहुणेमंडळी', 'बाईमंडळी' म्हणत, तसंच. शब्दाची पुनरुक्ती तर आपल्या घरचीच. जमैकात 'यला-यला' म्हणजे पिवळसर, आपलं पिवळंपिवळं.

काही क्रिओल भाषांत क्रियापदांची माळही लागते. सुरिनाममधलं एक वाक्य भाषाशास्त्राच्या वर्गात नेहमी सांगतात: 'कोफी तेकी आ नेफी कोती आ ब्रेदे.' शब्दशः, कोफी घे ती सुरी काप तो पाव. आपण 'सुरी घेऊन पाव कापला' म्हणतो, मधे 'ऊन'चा टाका घालतो. तिथे टाका नाही, दोन क्रियापदं शेजारी बसतात आणि नातं आपोआप कळतं. कोफी हे शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं पश्चिम आफ्रिकी नाव. मागे राहिलेल्या घराची खूण अशी वाक्यातच बसलेली सापडते.

सोपं म्हणजे अर्धवट का?

इथे कोणी म्हणेल, प्रत्यय गळले, लिंग गेलं, म्हणजे भाषा मोडलीच की. हा आक्षेप शतकानुशतकं घेतला गेलाय, आणि त्याने या भाषा बोलणाऱ्यांचं फार नुकसान केलंय. स्वतःच्या घरातली भाषा 'मोडकं फ्रेंच' म्हणून लपवायला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. त्यामुळे मी याचं उत्तर सविस्तर देतो.

हैतीच्या क्रिओलमध्ये कोणतीही खूण न लावता 'म्वें मांजे' म्हटलं तर अर्थ होतो मी जेवलो. भूतकाळ. पण खूण न लावता 'म्वें रेंमें' म्हटलं तर अर्थ होतो मला आवडतं. वर्तमानकाळ. का? कारण जेवणं ही घडून संपणारी क्रिया आहे, आवडणं ही टिकून राहणारी अवस्था आहे. बोलणाऱ्याच्या मनात क्रिया आणि अवस्था हा भेद पक्का बसलेला असतो आणि त्यावरून बिनखुणेच्या शब्दाचा काळ ठरतो. प्रत्यय दिसत नाही, पण नियम आहे, आणि तो चांगलाच बारीक आहे.

दुसरं उदाहरण पापुआ न्यू गिनीचं. त्या देशात 800 हून अधिक भाषा आहेत आणि त्यांना जोडणारी टोक पिसिन इंग्रजी शब्दांवर उभी आहे. इंग्रजीत 'आपण जाऊ' आणि 'आम्ही जाऊ' याला एकच शब्द. ऐकणाऱ्याला न्यायचंय की नाही, ते कळत नाही. टोक पिसिनमध्ये 'यूमी' म्हणजे तू आणि मी, आपण. 'मीपेला' म्हणजे तुला वगळून, आम्ही. शब्द इंग्रजीचेच मोडूनजोडून केले, पण आसपासच्या भाषांत हा भेद होता म्हणून लोकांनी तो नव्या भाषेत आणला. म्हणजे इंग्रजीला जमत नाही ते या 'मोडक्या इंग्रजी'ला जमतं. मराठी माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 'आपण जेवू' आणि 'आम्ही जेवू' यांत किती अंतर आहे, हे दारात उभ्या पाहुण्याला विचारा.

आमच्याकडे रात्री खिचडी शिजते. तांदूळ-डाळीचं प्रमाण, पाणी, वरून कच्चं तेल, सोबत पापड, सगळं ठरलेलं असतं. पाणी चुकलं की घरातलं लहान मूलही सांगतं. मिश्रण आहे म्हणून कृती नाही, असं स्वयंपाक करणारं कोणीही म्हणणार नाही.

मग हे साम्य आलं कुठून?

यावर खूप वाद झालेत. डेरेक बिकरटन या भाषाशास्त्रज्ञाने 1981 मध्ये मांडलेलं उत्तर सगळ्यांत गाजलं. हवाईच्या उसाच्या मळ्यांवर जपानी, चिनी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजूर होते. पहिल्या पिढीची मोडकी बोली माणसागणिक वेगळी होती, पण तिथे जन्मलेल्या मुलांच्या तोंडी एकसारखं, नियमबद्ध व्याकरण आलं. आईबापांकडे नसलेलं व्याकरण मुलांनी आणलं कुठून? बिकरटन म्हणाला, जन्मतःच डोक्यात असलेल्या आराखड्यातून. हे सिद्ध करायला एकमेकांची भाषा न कळणारी काही कुटुंबं निर्मनुष्य बेटावर नेऊन ठेवावीत, असा प्रयोगही त्याने सुचवला होता. माणसांवर असा प्रयोग करू देणं कोणाला योग्य वाटलं नाही, आणि ते बरंच झालं.

पुढे हवाईची जुनी कागदपत्रं तपासली गेली, तेव्हा चित्र इतकं साफ राहिलं नाही. मुलं घरी आईबापांच्या भाषाही बोलत होती आणि नवं व्याकरण एका पिढीत आकाशातून पडलं नव्हतं.

दुसरं उत्तर सांगतं, मागे राहिलेलं घर पाहा. हैतीत आणलेल्या कितीतरी लोकांच्या पश्चिम आफ्रिकी भाषांत काळाच्या खुणा क्रियापदाआधी सुट्याच येतात. कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम त्यांच्याकडेही होता आणि फ्रेंच-इंग्रजीतही. मग साम्याचं नवल ते काय? साच्यात जे होतं तेच उतरलं. तिसरं उत्तर केळीच्या बागेतलं: मोठेपणी भाषा शिकणारे सगळे एकाच प्रकारे शेपटं गाळतात, म्हणून निकालही सारखा येतो.

पहिल्या उत्तरातही काही तथ्य आहे, असं वाटायला लावणारी एक गोष्ट निकाराग्वात घडली. 1977 नंतर मानाग्वा शहरात कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. शिक्षकांचा भर ओठ वाचण्यावर होता, पण मुलांनी मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये आपसात हातवारे जुळवले. मागून आलेल्या लहान मुलांनी ते उचलले आणि घडवले, आणि काही वर्षांत एक पूर्ण खूणभाषा उभी राहिली. मुलं भाषा नुसती घेत नाहीत, सांधतात, हे तिथे डोळ्यांसमोर दिसलं. फक्त त्यासाठी मुलांचा घोळका लागतो, एकटं मूल ते करू शकत नाही.

मला या तिन्ही उत्तरांत भांडण दिसत नाही. चूल तीन दगडांची का? भांड्याला तेवढे लागतात म्हणून, माहेरी तशीच पाहिली होती म्हणून आणि घाईत तेवढंच जमतं म्हणून. एकाच चुलीची ही तीन कारणं एकाच वेळी खरी असू शकतात.

सगळ्याच क्रिओल अशा असतात का?

नाही, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचं गाव आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात चौलला ठाणं केलं, त्यातून तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज शब्दांची क्रिओल जन्मली. 1740 मध्ये पोर्तुगीज तिथून गेले, वस्ती राहिली. चहूबाजूंनी मराठी. जगातल्या बहुतेक क्रिओल भाषांत क्रियापद कर्माच्या आधी येतं. कोर्लईच्या भाषेत ते मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं. शब्द लिस्बनचे आणि वाक्याची चाल रेवदंड्याची. गावकरी तिला 'नोलिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. असमियापासून झालेल्या, नागालँडमधल्या नागामीजमध्येही क्रियापद शेवटीच येतं.

2013 मध्ये जगभरच्या 76 मिश्र भाषांचा मोठा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. तो पाहिला की कळतं, साम्य खरं आहे पण सरसकट नाही. भोवतालच्या आणि मागे राहिलेल्या भाषांची छाप जागोजागी आहे. हैतीचे भाषाशास्त्रज्ञ मिशेल डेग्राफ तर पुढे जाऊन सांगतात, की क्रिओल ही वेगळी जात मानणं हाच वसाहतीच्या काळातला पूर्वग्रह आहे. या भाषा इतर भाषांसारख्याच बदलत घडल्या, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅक्व्होर्टर यांचं मत उलट आहे. त्यांच्या मते नव्या भाषेवर तिच्या वयाची खूण राहते, प्रत्यय कमी असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. मला मॅक्व्होर्टर यांचं निरीक्षण पटतं आणि डेग्राफ यांची तळमळही. 1987 च्या राज्यघटनेने हैतीत क्रिओलला फ्रेंचच्या बरोबरीने अधिकृत भाषा केलं, मॉरिशसच्या शाळांत ती 2012 पासून ऐच्छिक विषय आहे. एवढं व्हायला इतकी वर्षं लागली, ती 'मोडकी' या एका शब्दामुळे.

आता अहिराणीला हीच फूटपट्टी लावू

क्रिओलची खूण काय पाहिली? प्रत्यय गळतात, लिंग जातं, कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलत नाही. आता ऐका. अहिराणीत आंडोर उना आणि आंडेर उनी. मुलगा आला, मुलगी आली. लिंग जागेवर. मी करसू, तू करशी, तो करी: कर्ता बदलला की भविष्यकाळाचं रूप बदललं. गावना पाटील, गावनी नदी, गावनं पाणी: तिन्ही लिंगं शाबूत. माले, तुले, घरमा, वावरमा: विभक्तीचे प्रत्यय जसेच्या तसे. ज्या मळ्यावर हे सगळं गळून पडतं, त्या मळ्यावरून ही भाषा कधी गेलेलीच नाही. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे ती अखंड आलेली आहे.

मग गुजरातीसारखं का वाटतं? 'घरमा'मधला 'मा' आणि 'गावना'मधला 'ना' गुजरातीच्या जवळचे आहेत, हे खरंच. पण ते उसने नाहीत, नात्यातले आहेत. चुलत बहिणींची नाकं सारखी असली म्हणजे एकीने दुसरीचं नाक मागून आणलं, असं होत नाही. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाने खान्देशीला, म्हणजे त्यात आलेल्या अहिराणीलाही, मराठीच्या खंडात न घेता 1907 च्या भिल्ली भाषांच्या खंडात घातलं, ते याच ठेवणीकडे बघून. ती वर्गवारी शेवटचा शब्द आहे असं नाही. तापीच्या खोऱ्यातून शतकानुशतकं गुजरात, माळवा आणि दख्खनची वाहतूक चालली, देवाणघेवाण झालीच. 2011 च्या जनगणनेत 18 लाखांहून अधिक लोकांची मायबोली 'खान्देशी' या नावाखाली मोजली गेली.

देवाणघेवाणीनेही भाषा किती जवळ येऊ शकतात, याचं जगप्रसिद्ध उदाहरण सांगली जिल्ह्यातलं कुपवाड आहे. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी नांदून वाक्यरचनेत इतक्या जुळल्या की एकीचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं, असं 1971 मध्ये अभ्यासकांनी दाखवलं. तिन्ही भाषा आपापल्या नावाने जिवंत आहेत. त्यांना कोणी क्रिओल म्हणत नाही.

आणि ज्यांना प्रमाण मराठीच्या शुद्धतेचा भरवसा वाटतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट. त्याच 1971 मध्ये फ्रँकलिन साउथवर्थ या अभ्यासकाने हा प्रश्न चक्क मराठीलाच विचारला होता: आर्य आणि द्रविड भाषा बोलणाऱ्यांच्या संपर्कातून, एखाद्या पिजिन-क्रिओलसारख्या अवस्थेतून मराठी जन्मली असेल का? मराठीची तीन लिंगं आणि प्रत्ययांचा संसार पाहता तिला क्रिओल म्हणणं अवघड आहे. पण द्रविड भाषांची छाप मराठीवर खोल आहे, याबद्दल फारसा वाद नाही, आणि आपलं लाडकं 'आपण' आणि 'आम्ही' हे वेगळेपणही त्याच शेजारातून आलं असावं, असं मानलं जातं.

चौथा शब्द राहिला होता, 'फिन'. फ्रेंचमधल्या 'संपलं'पासून तो आला. मॉरिशसच्या मराठी घरात गणपतीची आरती मराठीत होते, आणि पानं उचलली गेल्यावर दारात आलेल्या पाहुण्याला विचारतात, "ऊ फिन मांझे?" रावेरच्या बागेत दुपारी एक मजूर दुसऱ्याला विचारतो, "खाना हो गया?" आणि धुळ्याकडच्या ओट्यावर बसलेली म्हातारी रस्त्याने जाणाऱ्याला थांबवते, "जेवण व्हयनं का, भो?"